राजाच्या वरचा राजा

(जठारपेठ, अकोला येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन कावडी निघतात आणि जुन्या शहरातील राजराजेश्वराला त्या जलाचा अभिषेक होतो, हे आपल्याला सांगावयास नको. जठारपेठेतले आपण सगळे रात्रभर जागून तो सोहळा पाहतो. पण या ग्रामदैवताच्या नावाचा अर्थ आपण सहसा मनात आणत नाही. राजांचाही जो राजा, त्याचा ईश्वर! राज्य कुणाचेही असो, अंतिम सत्ता सिंहासनावरील माणसाची नव्हे, हे त्या नावातच सांगितलेले आहे. या कल्पनेशी प्राचीन जगातला एक लहानसा समाज शतकानुशतके कसा झगडला, याची कथा आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. तो समाज म्हणजे इस्रायली लोक.

त्या काळी इजिप्तमध्ये राजा हा साक्षात देव मानला जाई. इस्रायलच्या बारा वंशांना मात्र प्रारंभी राजाच नव्हता. संकट आले की एखादा पुरुष उभा राही, शत्रूला हटवी आणि आपल्या घरी परत जाई. गिदोन नावाच्या अशा एका वीराला लोकांनी राज्यपद देऊ केले, तेव्हा त्याने ते नाकारले. तुमच्यावर राज्य परमेश्वराचे आहे, माझे नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे पलिष्ट्यांचा उपद्रव वाढला आणि लोक वृद्ध शमुवेलाकडे गेले. इतर राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा हवा, ही त्यांची मागणी. शमुवेलाने त्यांना दिलेली उत्तराची यादी आजही वाचावी अशी आहे. राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावावयास नेईल, मुलींना स्वयंपाकघरात राबवील, उत्तम शेते आणि मळे काढून आपल्या सेवकांना देईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. लोकांनी ऐकले नाही. शौल राजा झाला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला अभिषिक्त करीत. 'मसीहा' या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, अभिषिक्त. परंतु जो हात अभिषेक करी तोच हात राजाला जाबही विचारी. शमुवेलाची वाट न पाहता शौलाने स्वतःच होमबली अर्पिला, तेव्हा राज्य तुझ्या घराण्यात टिकणार नाही, असे त्याला तोंडावर ऐकावे लागले. दाविदाने उरीयाची पत्नी हिरावली आणि उरीयाला रणात मरावयास धाडले. नाथान दरबारात आला. गरिबाची एकुलती मेंढी पळवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने सांगितली, राजा संतापला, आणि तो मनुष्य तूच, हे शब्द त्याच्या कानी पडले. दावीद हा केवळ कथेतला पुरुष, असे म्हणणारे विद्वान होते. १९९३ मध्ये उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे सापडलेल्या इसवीसनपूर्व नवव्या शतकातील शिलालेखात 'दाविदाचे घराणे' असा उल्लेख मिळाला.

मला स्वतःला सर्वांत अधिक भिडते ती नाबोथाची कथा, आणि वऱ्हाडच्या माणसाला ती चटकन कळेल. अहाब राजाला आपल्या वाड्यालगतचा एक द्राक्षमळा हवा होता. मोबदला द्यावयास तो तयार होता, बदली जमीनही देत होता. नाबोथ म्हणाला, हे वडिलोपार्जित आहे, देणार नाही. आपल्याकडे वावर विकावयाची वेळ आलेल्या घरातले वातावरण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नकाराचे वजन निराळे सांगावयास नको. राजा रुसून न जेवता पडून राहिला. राणी ईजबेलने राजमुद्रा लावून पत्रे धाडली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, ईश्वरनिंदेचा आरोप ठेवला आणि नाबोथाला दगडांनी ठार करविले. म्हणजे देवाचेच नाव पुढे करून! सारे रीतसर, कागदोपत्री. अहाब मळा ताब्यात घेण्यास गेला, तो तेथे एलीया उभा. खून करून वर वतनही घेतलेस? राजाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसले.

हा एलीया आपल्याला परका नाही, हे किती जणांस ठाऊक आहे? रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायली बांधव, ज्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले अशी परंपरा आहे, ते त्याला 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात. अलिबागजवळील खंडाळे गावी त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली अशी त्यांची श्रद्धा आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत त्यांनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठी कीर्तने केली, आपल्याच कीर्तनाच्या थाटात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि मराठीही सोबत घेऊन गेली.

आपल्या परंपरेतही वेन राजाची कथा आहेच. यज्ञ देवांसाठी नको, माझ्यासाठी करा, असे म्हणणाऱ्या वेनाला ऋषींनी मारले आणि त्याच्या देहमंथनातून पृथू काढला. इतिहासातली उदाहरणेही आहेत. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने १७५० मध्ये राज्य पद्मनाभाला अर्पण केले आणि स्वतः दास म्हणून कारभार पाहिला. अहिल्याबाई होळकर आपल्या आज्ञापत्रांवर स्वतःचे नाव न घालता श्रीशंकराचे नाव घालीत. मात्र एक फरक मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. देवाच्या नावाने राज्य करणे एक, आणि देवाच्या नावाने राजाला जाब विचारणारा माणूस दरबारात सहन करणे दुसरे. पहिल्यासाठी राजा सज्जन असला म्हणजे पुरते. दुसऱ्यासाठी नाथान लागतो. आणि नाथानाला कोण तपासणार, हा प्रश्न इस्रायललाही सुटला नाही. अहाबाला हवे ते भविष्य सांगणारे चारशे संदेष्टे त्याच्याच दरबारी होते, आणि खरे बोलणारा मीखाया तेवढा तुरुंगात गेला.

राज्ये पुढे बुडाली. उत्तरेचे इसवीसनपूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी, यरुशलेम ५८६ च्या सुमारास बाबिलोन्यांनी जिंकले. आश्चर्य असे की, राजवंश नष्ट झाला तरी राजांच्या दोषांची नोंद त्या लोकांनी जपली. दाविदाचे पाप, शलमोनाचा विलास, अहाबाचा मळा, सारे त्यांच्या पवित्र ग्रंथातच आहे, विजयगीतांच्या शेजारी. कुणी पाने फाडली नाहीत.