वीतभर पत्र्याची झडप



कापसाची वेचणी आटोपली की आपल्या यवतमाळच्या शिवारात पऱ्हाट्यांचे ढीग लागतात. घरात गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आणि जवारीची भाकर बऱ्याच ठिकाणी अजून पऱ्हाटीवरच होते. पऱ्हाटी झटकन पेटते, भडकते आणि तितक्याच लवकर बसते.

बिनधुराच्या चुलीला उंच पाइप असतो. तापलेली हवा त्यातून वर धावते आणि चुलीतला धूर ओढून नेते. पण भडक्यावर हीच ओढ जास्त होते. जाळ भांड्याला लागायच्या आत पाइपात शिरतो.

आमच्या आईच्या चुलीचं असंच झालं. वैलावरचं, म्हणजे चुलीच्या मागच्या तोंडावरचं, वरण शिजता शिजत नसे. "ही चूल सरपण खाते," म्हणत तिनं एका पावसाळ्यात पाइपाचं तोंड चिंध्यांनी बुजवलं. धूर पुन्हा तिच्याच डोळ्यांत. मला ते अजून बोचतं, कारण उपाय वीतभर पत्र्याचा होता: पाइपाची ओढ आवरणारी झडप.

शेजारी वर्ध्याला मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योगाचं काम झालं, मगनचूल ही बिनधुराची चूल तिथलीच. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मी पाहिलेल्या घरांत पाइप असायचा, झडप क्वचितच.

नवी चूल घालताना वैल आणि पाइप यांच्यामधल्या बोळावर, माती ओली असतानाच, वरून आडवी फट ठेवा. सिमेंटचा जुना पाइप मात्र करवतीनं कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ छातीला घातक. झडपेला ड्रमचा जाड पत्रा घ्या, डब्याचा पातळ पत्रा तापून वाकतो. वर तार ओवून लाकडी मूठ बसवा. खालचा एक कोपरा दोन बोटं छाटा, म्हणजे झडप पूर्ण उतरली तरी धुराला वाट राहील. हे विसरू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि कोंडलेल्या खोलीत तो जीव घेतो.

पेटवताना झडप पूर्ण वर. जाळ धरला की हळूहळू खाली सरकवा. वैलावरचं भांडं जरा तिरपं करून पाहा: पाइपाकडं आडवा पळणारा जाळ उभा राहून बुडाला लागला, की तिथंच थांबा. चुलीच्या तोंडातून धूर परतला, तर दोन बोटं वर घ्या. दर पंधरा दिवसांनी झडपेवरची काजळी राखेनं घासून काढा.

आईच्या चुलीला मी झडप बसवली, त्या संध्याकाळी भाकरी व्हायच्या आत वैलावरच्या वरणाला उकळी आली. फुंकणी भिंतीला टेकून तशीच उभी होती.