आधी मी कशी होते?

दिवसभर कोडमधले बग शोधणारा माणूस आज कादंबरीवर बोलतोय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मोना अवाद यांची 'रूज' ही भयकादंबरी २०२३ साली आली. आई गेल्याचं कळल्यावर मॉन्ट्रियलची बेल कॅलिफोर्नियात ला होयाला येते. आई गोरीपान, वडील इजिप्शियन, बेल सावळी. लहानपणापासून तिला आईसारखं दिसायचंय. आईचा माग काढत ती समुद्राकाठच्या एका गूढ स्पामध्ये पोचते. तिथे चेहरा उजळत जातो, पण आठवणी पुसल्या जातात. पुढेपुढे बोलताना शब्दही चुकू लागतात.

वाचताना भीती वाटली ती आपल्याच घराची. 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' २०२० साली गेलं. आपल्या जिभेवरून गेलं का?

गेल्या दिवाळीत उटणं लावून झाल्यावर मी लेकीला सहज म्हणालो, "बघ, कशी उजळलीस!"

तिने विचारलं, "बाबा, आधी मी कशी होते?"

मला उत्तर सुचलं नाही.

यंदाही उटणं लावणारच. फक्त त्याच्या वासाचं कौतुक करीन, रंगाचं नाव काढणार नाही.

शुभ दीपावली!