कामातून उमललेले काव्य : बहिणाबाईंची जीवनदृष्टी
(जोयडा येथे शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते, त्यांचे नाव आज एका विद्यापीठाला आहे. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. हा गौरव ज्या जीवनदृष्टीचा झाला, ती दृष्टी शेतात आणि स्वयंपाकघरात घडली होती. म्हणूनच डोंगर, शेत आणि रान यांच्या सोबतीने जगणाऱ्या या तालुक्यात तिचा विचार करणे उचित ठरेल.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात सून म्हणून आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. ओंकार, सोपान आणि काशी या तीन मुलांचा भार त्यांच्यावर पडला. त्यातच प्लेगच्या आजाराने ओंकारला कायमचे अपंगत्व आले. अशा स्थितीत माणूस एकतर दैवाला दोष देतो किंवा खचून जातो. बहिणाबाई शेतात राबत राहिल्या आणि राबताना गात राहिल्या.

त्यांच्या दृष्टीने काम आणि काव्य या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. जात्याचा खुंटा हाती आला की दळणाच्या गतीबरोबर ओवी चाले. काव्यासाठी निराळी वेळ काढण्याची सोय त्यांना नव्हती, आणि निराळा विषय शोधण्याची गरजही पडली नाही. पेरणी, कापणी, मोट, चूल, सासर, माहेर हेच त्यांचे विषय. खानदेशातील लेवा समाजाची घरची बोली हीच त्यांची भाषा. संसाराचे स्वरूप सांगताना त्यांनी चुलीवरच्या तव्याचा दाखला दिला, तर चंचल मनाचे वर्णन करताना पिकात शिरणाऱ्या गुरांचा. सुगरण पक्ष्याचे घरटे पाहताना त्या केवळ कौतुक करून थांबत नाहीत. एवढीशी चोच असलेला जीव असे कौशल्य दाखवतो, मग धडधाकट हात लाभलेल्या माणसाने काय करावे, असा प्रश्न त्या ऐकणाऱ्यापुढे ठेवतात.

या दृष्टीत भाबडेपणा नव्हता. श्रमाचे कष्ट त्यांनी झाकले नाहीत आणि वैधव्याचे दुःखही लपवले नाही. परंतु भविष्य सांगू पाहणाऱ्या ज्योतिषाला त्या आपल्या गाण्यात दारातून परत पाठवतात. श्रद्धाळू असूनही आपल्या आयुष्याचा हिशेब त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिला नाही. शाळा न पाहिलेल्या एका शेतकरी स्त्रीचा हा स्वतंत्र विचार आजही मनन करण्यासारखा आहे.

ही गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हे शिक्षकबंधूंनी अवश्य ध्यानी घ्यावे. असे सांगतात की, चिरंजीव सोपानदेव यांनी एकदा क्रमिक पुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या कथेचे गाणे रचलेले होते. तेव्हापासून सोपानदेव आईची गाणी वहीत उतरवू लागले. पुढे सोपानदेव स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले. बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे यांना त्या गाण्यांचे मोल तत्काळ उमगले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. आपले पुस्तक छापलेले पाहण्याचे भाग्य मात्र कवयित्रीला लाभले नाही. जी गाणी कोणी टिपून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

हा विचार जोयडा तालुक्याला अगदी जवळचा आहे. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले आणि अनेक कुटुंबे रामनगर येथे जाऊन वसली. घरे आणि शेते यांची नोंद सरकारी दप्तरात होते. परंतु कोणत्या बांधावर कोणते गाणे म्हटले जाई, कोणत्या ओहळाला काय नाव होते, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ती जाणत्या माणसांच्या स्मरणातच असते.

येथील कुणबी समाजाने कणगी, करांदे, अळू अशा कंदांची लागवड पिढ्यानपिढ्या जतन केली आहे. कोणता कंद कोणत्या जमिनीत लावावा, केव्हा खणावा, कसा शिजवावा, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. याच तालुक्यातील महादेव वेळीप यांना २०२१ साली पर्यावरण क्षेत्रासाठी कर्नाटक राज्योत्सव पुरस्कार देण्यात आला, तेव्हा रानाशी जडलेल्या अशाच ज्ञानाचा सन्मान झाला. परंतु पुरस्कार एखाद्यालाच मिळतो. जाणती माणसे प्रत्येक वाडीत आहेत, आणि ती दिवसेंदिवस वृद्ध होत आहेत.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. मराठी, कोंकणी, कन्नड अशा भाषा या तालुक्यात कानी पडतात. शिक्षकांनी वरच्या वर्गातील प्रत्येक मुलाला एक वही राखण्यास सांगावे. आजीची गाणी, आजोबांना ठाऊक असलेली झाडांची, कंदांची आणि पाणवठ्यांची नावे मुलाने त्यांच्याच बोलीत, शब्द न बदलता, त्या वहीत लिहावीत. सांगणाऱ्याचे नाव आणि वाडीही लिहावी. ग्रामपंचायतीने अशा वह्या जपून ठेवाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांनीही ‘आम्हांस काय येते’ असे न म्हणता मुलांना जवळ बसवून सांगावे.

जळगावच्या एका शेतकऱ्याच्या घरी एका मुलाने नेमके एवढेच केले होते. येथील मुलांनाही ते अशक्य नाही. या कामी विलंब न व्हावा, एवढीच विनंती.