कृष्णाकाठचा उद्योगपुरुष



बेळगावहून मिरजमार्गे पुण्यास जाणाऱ्या आपल्या सीमाभागातील प्रवाशाला वाटेवरचे भिलवडी स्टेशन ठाऊक असते. परंतु परतताना ज्या बाकरवडीचा पुडा तो घरच्यांसाठी हटकून आणतो, तिच्यामागील उद्योगाचे मूळ याच कृष्णाकाठच्या गावात आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

भास्कर गणेश ऊर्फ बाबासाहेब चितळे यांनी १९३९ साली भिलवडीस दुधाचा व्यवसाय मांडला. नदीकाठचा सुपीक मुलूख, त्यामुळे चारा आणि दूध यांस तोटा नव्हता. गिऱ्हाईक मात्र दूरच्या शहरात आणि माल नाशवंत. हे अंतर तोडण्यास रेल्वे उपयोगी पडली. ज्याच्या मालाला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचाही भरवसा नाही, त्या व्यापाऱ्याच्या ठायी वक्तशीरपणा, स्वच्छता आणि चोख हिशेब हे गुण असावेच लागतात. चितळे कुटुंबाची खरी पुंजी हीच होती, असे मला वाटते.

हीच पुंजी घेऊन बाबासाहेबांचे चिरंजीव रघुनाथराव आणि नरसिंह यांनी १९५० साली पुण्यात ‘चितळे बंधू मिठाईवाले’ ही पेढी उभी केली. पुढे १९७०च्या दशकात गुजरातेतील बाकरवडी आणि नागपूरकडील पुडाची वडी यांच्या गुणांचा मेळ घालून त्यांनी आपली बाकरवडी सिद्ध केली. पातळ लाटलेल्या पोळीवर चिंचेचा आंबटगोड लेप द्यावा, वर तीळ, खसखस, सुके खोबरे आणि धने यांचा मसाला पसरावा, घट्ट सुरळी करून तिचे तुकडे पाडावेत आणि ते मंद आचेवर तळावेत. सुरळी सैल राहिली, तर सारण तेलात सुटून करपते. सारणात ओल राहिली, तर वडी टिकत नाही. मागणी वाढली तेव्हा हे हातचे कसब यंत्रावर उतरवण्याचे परिश्रमही या कुटुंबाने घेतले. दुधाच्या नाशवंतपणाशी ज्या घराण्याने इतकी वर्षे झुंज दिली, त्याची कीर्ती दूरदेशी पोहोचावी ती अशा टिकाऊ पदार्थामुळे, यात मला मोठे औचित्य दिसते.

आता आपल्याकडे पाहा. आमच्या बेळगुंदीच्या शिवारात रताळी उत्तम पिकतात, घरोघरी दुभतीही आहेत. पण पोती भरून कच्चा माल बेळगावच्या बाजारात न्यावयाचा आणि अडत्या सांगेल तो दर पदरात पाडून घ्यावयाचा, हा शिरस्ता आजही सुटलेला नाही. भांडवलाची वाण आहे हे मला मान्य आहे. तथापि भिलवडीचा आरंभही खेड्यातूनच झाला, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. त्यांनी गावातच पक्का माल तयार करावा, वजनात आणि चवीत तिळमात्र अंतर पडू देऊ नये आणि दिलेली वेळ पाळावी. असे वर्षानुवर्षे घडले, तर आपल्या मालाचा दर ठरविण्याचा अधिकार हळूहळू आपल्याच हाती येईल.