आभासी कार्यशाळेतील खरी चर्चा

'युरोपियन कन्सोर्टियम फॉर पोलिटिकल रिसर्च' ही राज्यशास्त्राच्या अभ्यासकांची संघटना १९७० साली स्थापन झाली. १९७३ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम येथे तिने संयुक्त कार्यशाळांची परंपरा आरंभली. एका विषयावर वीसएक अभ्यासक काही दिवस एकत्र बसतात. प्रत्येकाचा निबंध इतरांनी आधी वाचलेला असावा, ही तिची खरी शिस्त.

महामारीमुळे मे २०२१ मधील कार्यशाळा संगणकाच्या पडद्यावर भरल्या. प्रवासखर्च आणि व्हिसा यांची अडचण उरली नाही. दूरच्या लहान महाविद्यालयातील प्राध्यापकाला हे वरदानच! मात्र चहाच्या वेळचा संवाद हरपला, आणि निबंधाला दिशा मिळते ती पुष्कळदा तेथेच.

म्हणून संयोजकाचे दायित्व वाढते. प्रारंभ घड्याळापासून. मे महिन्यात मॅनहाइमला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा पुण्यात दुपारचा दीड आणि कॅलिफोर्नियात रात्रीचा एक. दिवसभराच्या बैठकीऐवजी दोन-दोन तासांची सत्रे अधिक दिवसांत विभागणे इष्ट. निबंध दुसऱ्याने मांडावा, लेखकाने आधी ऐकावे. अन्यथा रात्री एक वाजता जागणाऱ्या अभ्यासकाच्या वाट्याला केवळ शांतता येते, आणि अध्यक्ष पुढचे नाव पुकारतात.