गिरणीतला उजेड



मी साहित्यिक नाही आणि वक्ताही नाही. शिड्या चढून दिवे टांगणे आणि ते योग्य ठिकाणी वळवणे हा माझा धंदा. चालकांनी मला 'जुन्या कारखान्याच्या इमारतीत कलाकेंद्र करायचे तर उजेडाची योजना कशी करावी' हा विषय दिला, तेव्हा डहाणूकरांना याच्याशी काय कर्तव्य, असे प्रथम मनात आले. नंतर चालकांनीच सांगितले की, कैनाडकडची काही तरुण मंडळी एखादी बंद पडलेली पत्र्याची शेड घेऊन तिथे वारली चित्रे मांडावी, तारपा वाजवावा, नाटक करावे, असा विचार करीत आहेत. अजून सगळे बोलण्यातच आहे. पण खर्च होण्यापूर्वी बोलणे झाले तर बरे, म्हणून मी आलो.

कारखान्याची इमारत ही मुळात उजेडाचे यंत्र असते, हे आपण विसरतो. मुंबईत १८५६ साली कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली तेव्हा विजेचा दिवा नव्हता. तुटलेला धागा दिसला पाहिजे, नाहीतर माल खराब. म्हणून विणकामाच्या शेडना करवतीच्या दातांसारखे छप्पर करीत आणि प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची ठेवून ती उत्तरेकडे करीत. उत्तरेचा उजेड थंड आणि स्थिर. त्यात सावल्या फिरत नाहीत, डोळा दिपत नाही. चित्रकार आपली खोली उत्तरेकडे खिडकी पाहून घेतो, तेही याच कारणाने. म्हणजे चित्रशाळा आणि विणकामाची शेड यांची गरज पहिल्यापासून एकच आहे.

पण इथे एक मेख आहे. ही रचना आली मँचेस्टरकडून. तिकडे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. आपले डहाणू सुमारे वीस अक्षांशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे. वीस मेच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर तेवीस जुलैपर्यंत तो मध्यान्हीसुद्धा उत्तरेलाच असतो. तेव्हा ज्या काचांतून ऊन कधी येणार नाही म्हणून आपण निर्धास्त, त्यांतूनच सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत शिरते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ढग येऊन आपली सुटका करतात, हे खरे. पण मेचे शेवटचे दिवस आणि जूनचे पहिले काही दिवस धोक्याचे. सुटीचे दिवस म्हणून प्रदर्शनेही नेमकी तेव्हाच भरतात!

उजेड मोजण्याचे माप लक्स. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवरच्या कागदावर जेवढा पडतो तो साधारण एक लक्स. भर दुपारी अंगणात जवळजवळ एक लाख लक्स असतात. कागदावरच्या आणि कापडावरच्या चित्रांना संग्रहालये पन्नासच्या वर लक्स देत नाहीत. तैलचित्रांना दोनशेपर्यंत चालतात. उजेडाने होणारी हानी साठत जाते, आणि ती भरून येत नाही. पन्नास लक्सखाली दोन हजार तासांत चित्र जेवढे झिजेल, तेवढे अंगणातल्या उन्हात एका तासात झिजते. हा साधा गुणाकार आहे.

आता वारली चित्राकडे येतो. गेरू म्हणजे लोखंडाची माती. ती उन्हाला दाद देत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकालाही उजेडाचे भय नाही. तो पावसाने जातो, नव्या लग्नाला पुन्हा लिहिला जातो. भय आहे ते कागदाचे आणि कापडाचे, आणि बाजारातल्या स्वस्त रंगांचे. चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि तिथेच त्याला उजेडाची भीती लागली.

हे चित्र मुळात कोणत्या उजेडातले? कुडाचे घर, कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, खिडकी जवळजवळ नाहीच. उजेड येतो तो दारातून, एका बाजूने. त्या तिरप्या उजेडात पांढरी रेघ भिंतीवर किंचित उठून दिसते, कारण पीठ वाळल्यावर रेघेला अंग येते. तेच चित्र तुम्ही काचेत घालून समोरून झोत टाकलात की रेघेचे अंग गेले आणि काचेत पाहणाऱ्याचे तोंड मात्र आले. मी स्वतः एकदा हा पराक्रम केला आहे. प्रदर्शन चांगले झाले, असे सगळे म्हणाले. कैनाडकडची एक मावशी मात्र चित्रासमोर उभी न राहता बाजूला जाऊन, मान तिरकी करून बघत होती. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की इथून दिसते, समोरून दिव्याचाच त्रास होतो. तिने मला दोन वाक्यांत शिकवले ते मी वीस वर्षांत शिकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सगळे दिवे एका बाजूला नेले.

गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांचे नाव इथे कोणाला सांगायला नको. १९८९ साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन भरले, त्यात त्यांचाही सहभाग होता. त्या प्रदर्शनाच्या दोन जागांपैकी एक म्हणजे ला व्हिलेतचा लोखंड आणि काच यांचा अवाढव्य मांडव. तो एकोणिसाव्या शतकात गुरांच्या बाजारासाठी बांधलेला होता. तेव्हा आपल्या मुलांची कल्पना काही चंद्रावरची नाही. मुंबईत महालक्ष्मीला लक्ष्मी मिल्स इस्टेटमध्ये जी५ए या संस्थेने २०१५ साली अशाच गोदामात छोटे नाट्यगृह सुरू केले, आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या बर्फाच्या जुन्या कारखान्यात २०२२ पासून कलादालन आहे. लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ साली बंद पडले आणि २००० साली तिथे टेट मॉडर्न हे संग्रहालय उघडले. त्याचे टर्बाइनचे दालन दीडशे मीटरहून लांब. २००३ साली ओलाफुर एलियासन या कलावंताने तिथे नुसत्या पिवळ्या दिव्यांचा एक सूर्य टांगला. त्या दिव्यांत एकच पिवळा रंग होता, म्हणून माणसांचे कपडे, चेहरे, सगळेच पिवळे नाहीतर काळे दिसू लागले. आणि लोक जमिनीवर पडून तो सूर्य पाहत राहिले. आपल्याच डहाणूच्या वीजकेंद्रातून मुंबईच्या उपनगरांना वीज जाते, हे आठवून मला त्या सूर्याची गंमत वाटते.

गिरणीतल्या दिव्याची मात्र आणखी एक कहाणी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलू नये असे मला वाटते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांत एक अशी होती की काम सूर्यास्ताला थांबावे. तेव्हा कामगाराला सूर्य हाच काय तो वाली होता. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही गेला. १९०५ च्या सुमारास कित्येक गिरण्या दिव्याच्या उजेडात चौदा-चौदा तास चालू लागल्या, कामगार त्याविरुद्ध उठले, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली. बारा तास ही तेव्हा सवलत होती! १९८२ च्या संपानंतर त्यांतल्या कितीतरी गिरण्या पुन्हा कधी धडपणे चालल्याच नाहीत. अशा भिंतीवर दिवा टांगताना माझा हात थोडा जपून चालतो. चुना लावून भिंत गुळगुळीत करू नका, यंत्राच्या पायाचे खुंट उपटू नका. एखादा मंद दिवा त्यांच्यावरही असू द्या.

आता कामाच्या गोष्टी. शेड उंच असते, म्हणून सगळे जण दिवे वर कैचीलाच टांगतात. दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. तीन मीटरवरचा दिवा सहा मीटरवर नेलात तर चार दिवे लागतील, आणि बिलही चौपट. त्यापेक्षा कैचीपासून लोखंडी पाइप खाली सोडा आणि दिवे त्यावर लावा. मात्र जुनी कैची किती वजन पेलेल हे इंजिनिअरला दाखवून घ्या. खाऱ्या हवेने लोखंड आतून गेलेले असते आणि वरून रंग चांगला दिसतो.

दुसरे, बाहेरच्या एक लाख लक्समधून माणूस एकदम पन्नास लक्समध्ये आला तर तो आंधळाच होतो आणि म्हणतो, इथे दिवे कमी आहेत. दिवे वाढवण्यापूर्वी आपले जुने घर आठवा: अंगण, मग ओटी, मग माजघर, मग देवघर. प्रत्येक उंबऱ्याला उजेड थोडा कमी होत जाई आणि डोळा सावकाश मुरत असे. शेडच्या दाराशी पडवी काढा, तिथे पुस्तके, चहा, बसायला बाक ठेवा. माणूस दहा मिनिटे तिथे रेंगाळला की आतले पन्नास लक्स त्याला पुरतात.

तिसरे नाटकाचे. नाटकाला काळोख हवा, चित्रांना दिवस हवा; एकाच शेडमध्ये दोन्ही करू पाहाल तर भांडण होणार. असेच एक काम करताना वरच्या काचांना आतून काळा रंग फासा, अशी सूचना मीच दिली होती. पहिल्याच उन्हाळ्यात काचा तापून तडकल्या, आणि दिवसा त्या जागेत शिरले की तळघरात उतरल्यासारखे वाटू लागले. पुढे रंग खरवडला, पण उजेड काही पूर्वीचा राहिला नाही. शक्य असेल तर नाटकाला निराळी खोली करा. नसेल तर काचांच्या बाहेरून उघडझाप होणाऱ्या झडपा लावा, म्हणजे उष्णताही बाहेरच अडेल. आणि दिवे थोडे असले म्हणून खंत करू नका. कलकत्त्याला १९५९ साली 'अंगार' नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरताना दाखवले ते निव्वळ प्रकाशाने. डबे कापून दिवे करणारा माणूस तो.

शेवटचे सांगतो, पण योजनेत ते पहिले ठेवा. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात, छतावरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा माणसे गेली. गिरणीची जागा नव्या उपयोगाला घेतली की माणसे वाढतात, कापडी पडदे आणि लाकडी मंच येतो; पण दारे जुनीच राहतात. म्हणून नकाशावर पहिला दिवा काढायचा तो बाहेर जाण्याच्या दारावरचा, आणि त्याची बॅटरी निराळी असली पाहिजे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा तो पेटतो की नाही, हे दर महिन्याला मुख्य बटण बंद करून पाहावे. जुने वायरिंग वाचवू नये. ते सगळे काढून टाकावे. हा खर्च दिसत नाही, म्हणून देणगीदार त्याला पैसे देत नाहीत. तो तिकिटांतून काढा.

मघाशी कोणी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, सुरुवात कशापासून करावी. दिवे विकत घेऊ नका. वीस मेच्या आसपास, दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान उभ्या काठीची सावली नाहीशी होईल; त्या दिवसापासून ढग येईपर्यंत सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच वाजता शेडमध्ये जा आणि ऊन जिथे पडेल तिथे जमिनीवर आणि भिंतीवर खडूने रेघ मारून तारीख लिहा. डिसेंबरात पुन्हा तसेच करा. त्या रेघांच्या आत चित्र लावू नका. मग मला बोलवा. मी शिडी घेऊन येतो.