इन्सुलिनची कुपी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मधुमेहाचा आहार’ हा विषय सुचविला होता. परंतु भात किती खावा आणि गूळ चालतो का, हे आपणां सर्वांना पाठ आहे; पाळीत नाही ही गोष्ट निराळी. म्हणून त्यांच्या परवानगीने मी आज एका प्रथिनाविषयीच बोलणार आहे. त्याच्यापायी मी घरात खोटे बोलले, तेही सांगावयाचे आहे.

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, मटकी, अंडे आठवते. परंतु शरीरातील काही प्रथिने कारभारही पाहतात. इन्सुलिन त्यांतलेच. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तीत ते तयार होते. आपल्याकडे पाटाला पाणी आले की कोणाला तरी दारे धरावी लागतात. पाट भरून वाहतो आहे, पण वाफ्याचे दार कोणी फोडलेच नाही, तर पीक वाळते आणि पाणी भलतीकडे जाते. रक्तातील साखरेचेही तसेच. इन्सुलिन दार उघडते तेव्हा ती स्नायूंत व चरबीत शिरते. ते नसले की रक्तात साखर तुंबते आणि अंग उपाशी राहते.

1974 साली आमचे घर नेवासे तालुक्यात होते. सासूबाई अंगाने अगदी काटकुळ्या. पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा तपासणीत साखर निघाली. कोणाचा विश्वास बसेना. हा रोग बसून खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा, असाच तेव्हा समज. पुढे 1993 पासून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. ती बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू; चरबी त्या मानाने टिकून होती. पुण्यातील बाळांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिनही अधिक आढळले. म्हणजे दारे धरणाऱ्याला जन्मापासूनच जास्त राबावे लागते. ज्यांच्या घरी सून गरोदर आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिच्या ताटाकडे पाहावे, आणि तिची साखर वेळेवर तपासून घ्यावी.

असो. सासूबाईंना रोज सुई सुरू झाली. गोळी का नाही, असे त्या विचारीत. इन्सुलिन हे प्रथिनच. पोटात गेले तर डाळीसारखे पचून जाईल, म्हणून टोचावे लागते. काचेची पिचकारी मी पातेल्यात उकळून घेई. घरात फ्रिज नव्हता. कुपी डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवी. शेजारणी म्हणत, “एकदा लागलं की सुटत नाही.” भूक रोज लागते म्हणून जेवणाचे व्यसन लागले, असे कोणी म्हणते का?

एके दिवशी त्यांनी विचारले, “कशाचं करत्यात गं हे?”

सासूबाई माळकरी होत्या. एकादशी कधी चुकली नाही, अंड्याचे भांडे घरात आले नाही. आणि मी विज्ञान शिकलेली. 1922 साली टोरांटोत एका 14 वर्षांच्या मरणासन्न मुलाला पहिले इन्सुलिन टोचले तेही गुरांच्या स्वादुपिंडाचे होते, आणि आमच्या माठाखालची कुपीही कत्तलखान्यातील ग्रंथींपासूनच केलेली होती, हे मला माहीत होते. मी म्हटले, “कारखान्यात करतात, आई.” आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यांना ते पटले. त्या रात्री मी कुपीवरचा कागद भिजवून काढून टाकला.

सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने इन्सुलिनची घडण उलगडून दाखविली. त्यात 51 दुवे आहेत. गायीच्या इन्सुलिनात माणसाहून फक्त 3 निराळे, डुकराच्या 1. म्हणून ते आपल्याला चालते. गाय ही आई, असे सासूबाई म्हणत. हे तीन दुव्यांचे अंतर त्यांना सांगावे असे पुष्कळदा मनात आले. पण ऐकून त्यांनी सुई बंद केली असती, आणि मग त्या वाचल्या नसत्या. मी गप्प राहिले.

1981 साली त्या गेल्या. पुढच्याच वर्षी परदेशात जिवाणूंकडून करवून घेतलेले मानवी इन्सुलिन विक्रीस आले; 2003 साली वोक्हार्ट कंपनीने ते भारतात बनवून बाजारात आणले. त्याला गायही लागत नाही, डुक्करही नाही.

गेली सहा वर्षे मी स्वतः ते घेते आहे. माझी कुपी आज बरोबर आणली आहे, तिच्यावरचा कागद तसाच आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी. मात्र उन्हात धरू नये.